आत्ता न्हाई… आत्ता!

नव्वदच्या दशकात ज्यांचं लहानपण पेठ वडगावात गेलं, किंवा निदान मे महिन्याची सुट्टी तरी वडगावात गेली, त्यांना व्हिडिओ गेम म्हटलं की एकच यंत्र आठवतं. मळकट पांढऱ्या प्लास्टिकचा तो चपटा संच, वरच्या खाचेत उभी बसणारी पिवळी कॅसेट, दोन बाजूंना वायरीनं बांधलेले दोन रिमोट आणि खोक्यात मिळालेली एक बंदूक. हे यंत्र कुणा एकाचं कधीच नसायचं. कुणाच्या तरी वाढदिवसाच्या नावानं ते आलेलं असलं, तरी आठवड्याभरात ते घराचं होऊन जायचं. सख्खी, चुलत, आते, मामे अशी सगळी मिळून दहा-बारा पोरं, रिमोट दोन आणि टीव्ही एक. आमचं सगळं खेळणं या हिशेबातून घडलं. त्यातही नेमक्या क्षणी बटण दाबायचे जे छोटे छोटे खेळ होते, ते आमच्या घरात जसे रुजले तसा मारिओही रुजला नाही. त्या खेळांबद्दल, आणि ते एकत्र खेळलेल्या आमच्या पिढीबद्दल, हे सांगायचं आहे.

वडगाव ही मुळातली बाजारपेठ. पुणे-बेंगळुरू हमरस्त्यावर वाठार फाट्याला उतरून आत यायचं. सोमवारी बाजार भरला की आसपासच्या गावांतली माणसं, जनावरं, गाड्या यांनी गाव फुलून जायचं. आबा बाजारातून परत येताना चुरमुरे-फुटाणे आणायचे. टीव्हीपुढं वाकळ अंथरून बसलेल्या पोरांच्या मधोमध ते पुडकं सोडलं जायचं, आणि ज्याच्या हातात रिमोट त्याला खाता येत नाही, हा त्या दिवसातला एकमेव तोटा असायचा. कोल्हापुरातून, इचलकरंजीतून, सांगलीकडून आलेली भावंडं एसटीतून उतरली की पाय धुवायच्या आधी विचारायची, “कॅसेट कुठली हाय?”

यंत्राचं मूळ जपानात. निन्टेन्डो कंपनीनं १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचा संच तिथं विकायला काढला. आपल्याकडं पोचले ते बहुतेक त्याच्या धर्तीवर बनवलेले स्वस्त संच. समुराई, मीडिया ही नावं त्या काळातल्या पोरांना अजून आठवतील. खोक्यावरच्या नावाचं आम्हाला काही नव्हतं. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं असायचं, आणि यादी खाली सरकवत गेलं की थोड्याच वेळात तेच खेळ पुन्हा यायला लागायचे, फक्त सुरुवात वेगळ्या पायरीपासून. तरी दर सुट्टीत कुणीतरी ती यादी शेवटपर्यंत बघायचंच. एखादा नवा खेळ तळाशी लपलेला असेल, ही आशा कुणी सोडली नव्हती.

जोडणी हा मोठ्यांचा प्रांत होता. शटरच्या लाकडी पेटीतला टीव्ही, अँटेनाची वायर काढून तिथं गेमची वायर खुपसायची आणि मग चॅनेल जुळवायचं बारीक चाक फिरवत बसायचं. पडद्यावर मुंग्या. मुंग्यांमधून आधी आवाज यायचा, मग तिरकं हलणारं चित्र, मग एकदम रंग. हे काम थोरल्या दादाकडं होतं. तो चाक फिरवत असताना कुणी बोलायचं नाही. कॅसेट लागली नाही तर ती काढून खालच्या सोनेरी पट्टीवर जोरात फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. फुंकरीनं काही होत नव्हतं, हे पुढं कळलं. काढून पुन्हा बसवल्यामुळं पट्टीचा नि खाचेचा संपर्क नव्यानं जुळायचा, एवढंच. उलट तोंडातल्या ओलाव्यानं ती पट्टी खराबच होते. पण फुंकायचा मान मिळावा म्हणून आमच्यात भांडणं झालेली आहेत.

दुसऱ्या रिमोटला ‘स्टार्ट’ नव्हतं. मूळ जपानी संचातही नव्हतं, त्याचीच ती रचना. खेळ सुरू करायचा, मधे थांबवायचा, यादीतून निवडायचा, हे सगळं पहिल्या रिमोटच्या हातात. त्यामुळं घरात पहिला रिमोट ही एक पदवीच झाली होती. ती कुणाला मिळायची हे वयावर ठरायचं, आणि धाकट्यांचं सगळं लहानपण दुसऱ्या रिमोटवर गेलं. याचा राग धाकट्यांच्या मनात होता. म्हणूनच वयाचा मान जिथं चालत नव्हता, ते खेळ त्यांनी जास्त धरून ठेवले असं मला आता वाटतं.

कॉन्ट्रा, मारिओ, रणगाड्यांचा खेळ, हे लांबणारे खेळ. त्यात एकजण खेळत राहिला की बाकीच्यांनी तासभर नुसतं बघायचं. दहा-बारा पोरांच्या घरात ते परवडत नव्हतं. परवडायचा तो ‘ऑलिम्पिक’. कोनामी या जपानी कंपनीनं १९८३ मध्ये दुकानातल्या मोठ्या यंत्रांसाठी काढलेला हा खेळ. जपानात त्याचं नाव ‘हायपर ऑलिम्पिक’, बाहेर ‘ट्रॅक अँड फील्ड’. घरच्या संचासाठी आला तेव्हा त्यात चार प्रकार उरले होते: १०० मीटर धावणं, लांब उडी, ११० मीटर अडथळे आणि भालाफेक. एकेक डाव मिनिटभरात संपायचा, रिमोट पुढं जायचा आणि अर्ध्या तासात सगळं घर एकदा खेळून व्हायचं. आज ज्याला पार्टी गेम म्हणतात, त्याचं सगळं मर्म यात होतं.

त्यातली लांब उडी ही आमची खरी स्पर्धा. एक बटण पळायचं, एक उडीचं. पळायचं बटण जितक्या वेगानं दाबाल तितका गडी जोरात पळणार. इथं थोरल्या पोरांचं फावायचं. मनगट ताठ करून, बोटाचं नख बटणावर घासून ती असा काही वेग काढायची की धाकट्यांचा गडी त्यांच्यापुढं चालतोय असं वाटायचं. पण आमच्या रिमोटला टर्बोची बटणं होती. एकदा दाबून धरलं की यंत्रच आपोआप भराभरा दाबल्यासारखं करतं. धावण्याच्या शर्यतीत टर्बो बंद, असा नियम केला होता, कारण त्यात मजाच उरत नव्हती. लांब उडीला मात्र टर्बो चालेल असं धाकट्यांनी भांडून मंजूर करून घेतलं, आणि तिथं घराचं सगळं राजकारण बदललं. टर्बोनं सगळ्यांचा वेग सारखा झाला. आता ताकद संपली, वय संपलं. उरली फक्त वेळ.

पडद्याच्या उजवीकडून पांढरी रेघ आत सरकायची. तिच्या जितक्या जवळ उडीचं बटण दाबाल तितकं चांगलं, पण पाय रेघेवर गेला की फाऊल. एवढ्यानं भागत नव्हतं. उडीचं बटण दाबून धरलं की कोनाचा आकडा वाढत जायचा, आणि तो पंचेचाळीसच्या आसपास असताना बोट उचलायचं. म्हणजे एका श्वासात दोन क्षण साधायचे: दाबायचा आणि सोडायचा. रेघ गाठली पण बोट उशिरा उचललं, तर गडी आकाशात उंच जाऊन जवळच पडायचा. घाईनं उचललं, तर जमिनीलगत सरकून वाळूत आडवा. बाहेर बसलेले सगळे खेळणाऱ्याच्या वतीनं ओरडायचे, “आत्ता न्हाई… आत्ता न्हाई… आत्ता!” आणि दहा जणांचं ‘आत्ता’ दहा वेगळ्या क्षणांना यायचं. त्या आवाजात स्वतःचा क्षण ओळखायचा, हा त्या खेळाचा खरा कस होता.

खऱ्या मैदानावरचे लांब उडीवाले पंचेचाळीस अंशात उडत नाहीत, हे जाता जाता सांगून टाकतो. ते साधारण वीस अंशांच्या आसपास जमीन सोडतात, कारण त्याहून उंच जायचं तर पळण्याचा वेग मोडावा लागतो. माइक पॉवेलनं १९९१ मध्ये टोकियोत ८.९५ मीटरची उडी मारली, तो विक्रम अजून उभा आहे. शाळेत हे सांगणारे पी.टी.चे सर होते, पण आमचा विश्वास पंचेचाळीसवरच होता.

या खेळात घरातल्या एका माणसाचा शोध लागला. धाकटी काकू. तिचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. माहेरी असताना ती शाळेच्या संघातून खो-खो खेळलेली होती, पण हे सासरी कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं. दुपारची भांडी आवरली की ती माजघराच्या उंबऱ्यावर बसून शेंगा फोडत पोरांचा खेळ बघायची. एका दुपारी एक डाव कमी पडत होता म्हणून कुणीतरी रिमोट तिच्या हातात दिला. तिनं पदराला हात पुसले, रिमोट मांडीवर टेकवला आणि पहिलीच उडी अशी मारली की थोरला दादा उठून उभा राहिला. दुसरी त्याहून लांब. तिसऱ्या वेळी आम्ही सगळ्यांनी पडदा सोडून तिच्याकडं बघायला सुरुवात केली. ती गड्याकडं बघत नव्हती. तिची नजर पडद्याच्या उजव्या कडेला, रेघ जिथून येणार तिथं, आधीच जाऊन थांबलेली. अंगठा बटणावर नुसता टेकलेला, ताठ नाही. चेहऱ्यावर खेळण्याचा काही ताण नाही.

“काकू, कसं काय जमतंय ओ?”

“गड्याकडं बघायचंच न्हाई. त्यो पळतोयच की. रेघ कुठं आली तेवढं बघायचं.”

हे वाक्य घरात कायमचं राहिलं. पुढं दहावी-बारावीच्या परीक्षांना, नोकरीच्या मुलाखतींना जाताना आमच्यातल्या कितीतरी जणांना ते पाठीवर थाप मारून ऐकवलं गेलं. त्या सुट्टीनंतर उन्हाळ्यातल्या दुपारी काकूचा डाव पक्का झाला. आजीनं त्याला कधी आडकाठी केली नाही. सासू आणि नवी सून असलेल्या त्या काळातल्या घरात ही लहान गोष्ट नव्हती, आणि ती आजीच्या खात्यावर मोठ्या अक्षरात लिहायला हवी.

थोरला दादा हरला तो लांब उडीत. बंदुकीच्या खेळात त्याला कुणी हरवू शकलं नाही. बंदुकीनं बदकं टिपायच्या खेळाबरोबरच आमच्या कॅसेटमध्ये ‘वाइल्ड गनमॅन’ होता. निन्टेन्डोनं १९७४ साली मोठ्या यंत्रावर काढलेल्या खेळाचं हे १९८४ मधलं घरगुती रूप. पडद्यावर एक टोपीवाला येऊन उभा राहतो, त्याचे डोळे चमकतात, ‘फायर’ अशी अक्षरं उमटतात, आणि तो गोळी झाडायच्या आत आपण घोडा ओढायचा. अक्षरं यायच्या आधी ओढला तर फाऊल. दादा उभा राहून, बंदूक मांडीशी लावून खेळायचा. आम्ही सगळे भिंतीला टेकून श्वास रोखलेले.

हे दोन्ही खेळ वेळेचेच, पण दोन्हींतली वेळ एक नाही. डोळ्यांना खूण दिसून बोट हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. सराव केला तर थोडा कमी होतो, पण फार नाही. धावण्याच्या शर्यतीत पिस्तुलाच्या आवाजानंतर एक दशांश सेकंदाच्या आत जो हलतो, त्याला चुकीची सुरुवात म्हणून बाद धरतात, कारण इतक्या लवकर ऐकून हलणं माणसाला शक्य नाही, तो अंदाजानं सुटला असं मानतात. टोपीवाल्याच्या खेळात हा अंदाज चालत नाही. तिथं वाट बघायची आणि विजेसारखं हलायचं. लांब उडीत उलट. रेघ आली हे दिसल्यावर बोट हलवलं तर फाऊल ठरलेला. तिथं रेघेच्या आधी मनानं रेघेवर पोचावं लागतं. दादाची पहिली जात, काकूची दुसरी. तेव्हा आम्हाला ही विभागणी सांगता आली नसती, पण घरातलं कोण कुठल्या जातीचं हे प्रत्येकाला ठाऊक होतं. दोघं भांडायला लागले की कोण आधी बोलेल आणि कोण योग्य वेळेला एकच वाक्य बोलून भांडण संपवेल, हेसुद्धा आम्ही त्यावरून सांगायचो.

बंदूक चालते कशी, याचं कोडं मात्र बरीच वर्षं सुटलं नाही. आम्हाला वाटायचं बंदुकीतून काहीतरी निघून टीव्हीत जातं. प्रत्यक्षात उलटं होतं. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. बंदुकीच्या नळीतला प्रकाश ओळखणारा लहानसा भाग तो पांढरेपणा दिसला का एवढंच बघायचा. आधी काळा, मग पांढरा. त्यामुळं पेटलेल्या बल्बकडं बंदूक रोखून मूळ यंत्राला फसवता येत नाही. आपल्या टीव्हीवर सेकंदाला पन्नास चित्रं उमटायची, म्हणजे एकेक चित्र सेकंदाचा पन्नासावा भाग. ज्याला आम्ही बंदुकीचा आवाज झाल्यावर पडदा चमकला म्हणायचो, त्या चमकेत हे सगळं घडून गेलेलं असायचं.

मोठ्यांचा या खेळांना विरोध होता, असं सरसकट सांगणं खोटं ठरेल. टीव्ही खराब होतो, डोळे जातात, हे बोलणं होतंच. पण आबा स्वतः आरामखुर्चीतून लांब उडी बघायचे. वडगावात सेनापती धनाजी जाधवांची समाधी आहे. १७०८ साली त्यांचं निधन झालं. संताजी-धनाजींच्या गोष्टी आबांच्या तोंडी कायम. एकदा कुणाची तरी उडी रेघेवर नेमकी गेली तेव्हा ते म्हणाले, “धनाजीरावांचं घोडं असंच सुटायचं. आधी न्हाई, मागनं न्हाई.” मोगली फौज मोठी, तोफा मोठ्या, पण तळ हलताना, रसद वाटेत असताना, पाऊस उघडताना मराठ्यांनी घाव घालायचा. आबांची इतिहासाची सगळी शिकवणी या एका मुद्द्यावर उभी होती. शाळेत औरंगजेबाच्या दक्षिण मोहिमेचा धडा आला, तेव्हा आमच्या घरातल्या पोरांना तो आधीच कळलेला होता.

आजीला पडद्यात काही रस नव्हता. वीज गेली की तिचं राज्य सुरू व्हायचं. वीज जायचीच. टीव्ही एकदम मिटायचा, सोप्यात एकच ओरडा उठायचा, आणि अर्धवट राहिलेला डाव कुणाचा होता यावर वाद पेटायच्या आत आजी म्हणायची, “चला परड्यात.” परड्यात चिंचेखाली जनावरांचा जुना कासरा असायचा. एक टोक आजीच्या हातात, दुसरं आत्याच्या. दोरी फिरायला लागली की एकेकानं पळत आत शिरायचं, उड्या मारायच्या आणि दोरी न अडकवता दुसऱ्या बाजूनं बाहेर पडायचं. आत शिरायचा क्षण सगळ्यात अवघड. दोरी जमिनीला लागून वर निघाली की शिरायचं. वरून खाली येताना शिरलं तर तोंडावर फटका. पोरं दोरीशी उभी राहून अंग पुढं-मागं झुलवत राहायची, आणि मागच्यांचा तोच ओरडा, “आत्ता न्हाई… आत्ता!”

घाबरट पोरांना आजी दोरी थांबवून समजवायची. तिचा दाखला भाकरीचा असायचा. भाकरीला वरून पाणी फिरवलं की ते वाळायच्या बेतात असताना उलटायची. आधी उलटली तर तव्याला चिकटती, उशिरा उलटली तर चिरा पडत्यात. घड्याळ लावून हे हुतंय व्हय? मग पुन्हा दोरी फिरायची. वीज आली तरी कधी कधी कुणी आत जायचं नाही, आणि टीव्ही रिकाम्या सोप्यात एकटाच वाजत राहायचा.

पडद्यावरच्या आणि परड्यातल्या खेळांना जोडणारा धागा मला फार नंतर दिसला. आमच्या आतेभावाची मुलं अमेरिकेत आहेत. त्यांच्याकडं ‘मारिओ पार्टी’ आहे. मूळ खेळ निन्टेन्डोच्या यंत्रासाठी हडसन कंपनीनं बनवला आणि तो डिसेंबर १९९८ मध्ये जपानात आला. चौघांनी मिळून सोंगट्या पुढं न्यायच्या आणि मधेमधे छोटे छोटे खेळ खेळायचे, अशी त्याची रचना. त्यातला एक छोटा खेळ म्हणजे आगीच्या गोळ्यांची फिरणारी दोरी आणि तिच्यावरून उड्या मारणारे चौघे. पोरांनी तो व्हिडिओ कॉलवर दाखवला, तेव्हा वडगावच्या घरात फोनभोवती गोळा झालेली माणसं एकदम म्हणाली, “अगं, हे तर परड्यातलं!” आजी तेव्हा होती. तिनं मोबाईल जवळ घेऊन बराच वेळ बघितलं आणि तिकडच्या पणतवंडाला एकच सूचना केली, “दोरीकडं बघू नगंस, तिच्या आवाजाकडं ध्यान दे.” त्या पोराला मराठी पुरती कळत नाही. त्याच्या बापानं समजावून सांगितलं, आणि पोरगं पुढच्या डावात टिकलं.

त्याच पहिल्या ‘मारिओ पार्टी’त रिमोटवरची छोटी काठी गोल गोल फिरवायचे काही खेळ होते. ते खेळताना पोरं ती काठी तळहातानं घासून फिरवायची आणि हात सोलवटून घ्यायची. तक्रारी इतक्या वाढल्या की २००० साली न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलबरोबर झालेल्या समझोत्यात निन्टेन्डोला हातमोजे द्यायचं कबूल करावं लागलं. हे वाचलं तेव्हा आमच्या थोरल्या दादाचं अंगठ्याजवळचं घट्ट झालेलं कातडं आठवलं. हजारो मैलांवरची पोरंही तशीच खेळत होती.

आता घर पांगलंय. कुणी हिंजवडीत, कुणी इचलकरंजीत यंत्रमागाच्या धंद्यात, कुणी सातासमुद्रापार. जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या निमित्तानं मधे बरेचजण वडगावात एकत्र आलो, आणि कुणीतरी बाजारात मिळणारा छोटा गेमचा डबा आणला, आत जुने सगळे खेळ भरलेले. भिंतीवरच्या मोठ्या सपाट टीव्हीला जोडला. ऑलिम्पिक लावलं. लांब उडी. आणि सगळ्यांचे पाय रेघेवर जायला लागले. काकूचेसुद्धा. ती आता साठीला टेकलीय, पण तिची नजर तीच, अंगठा तोच. तीन उड्या, तीन फाऊल. पोरं म्हणाली वय झालं. ती म्हणाली, “वय न्हाई. ह्यो टीव्ही उशिरा दाखवतोय.”

तिचं म्हणणं तंतोतंत खरं होतं. जुन्या डबा टीव्हीत यंत्रातून निघालेलं चित्र त्याच क्षणी पडद्यावर रेखाटलं जायचं. सपाट टीव्ही आधी चित्र आत घेतो, मोठं करतो, रंग सुधारतो, मग दाखवतो. त्यात वेळ जातो, आणि लांब उडीत तेवढा वेळ म्हणजे पाय रेघेच्या पार. बदकांची जुनी बंदूक तर सपाट पडद्यावर चालतच नाही, कारण तिला अपेक्षित असलेली चमक ठरलेल्या क्षणी येत नाही. आमच्यातल्या एका संगणकवाल्यानं टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘गेम मोड’ सुरू केला. त्यात टीव्ही हे सुधारण्याचं काम टाळतो आणि उशीर बराच कमी होतो. चौथी उडी काकूनं रेघेवर मारली.

तिथं जमलेल्या नव्या पोरांना या खेळाचं चित्र दरिद्री वाटलं, आणि ते आहेच. त्यांच्या हातातले खेळ शंभरपट देखणे आहेत. पण त्यातली बरीच पोरं एकेका पडद्यासमोर एकेकटी बसतात, दुसऱ्या गावातल्या अनोळखी पोराशी खेळतात, आणि शेजारी बसलेल्या बहिणीचा हात चपळ आहे की तिची नजर धीराची, हे त्यांना माहीत नसतं. मला हे नुकसान वाटतं. खेळ जुना की नवा, हा प्रश्नच नाही. एका खोलीत बसून आळीपाळीनं खेळल्याशिवाय घरातली माणसं या बाजूनं कळत नाहीत. आम्हाला आमची काकू कळली ती यामुळं.

तेव्हा ज्यांच्या घरी पोटमाळ्यावर जुना डबा टीव्ही आणि गेमचा संच पडून आहे, त्यांना एक विनंती. भंगारवाल्याला द्यायच्या आधी एकदा जोडून बघा. टीव्ही चालत नसेल तर मागचं झाकण स्वतः उघडू नका. बंद असलेल्या डबा टीव्हीतही आत जोराचा विजेचा झटका बसण्याइतका भार शिल्लक राहू शकतो. गावातल्या जुन्या रिपेअरवाल्याकडं न्या. कॅसेटची पट्टी फुंकू नका, कोरड्या मऊ फडक्यानं पुसा. सपाट टीव्हीला जोडणार असाल तर आधी गेम मोड लावा. आणि पहिला रिमोट घरातल्या सगळ्यात धाकट्याच्या हातात द्या.